काळ्या मातीतला टेबलटॉप : इंदूरजवळच्या मोटोक्रॉस सराव-ट्रॅकच्या नोंदी

मातीच्या उड्या-वळणांवरून मोटरसायकलची शर्यत म्हणजे मोटोक्रॉस, आणि तिचाच बांधीव ट्रॅकवरचा प्रकार म्हणजे सुपरक्रॉस. राष्ट्रीय सुपरक्रॉस मालिकेच्या फेऱ्या कोइम्बतूर, बंगळुरू, नाशिक, पुणे, बडोदा अशा गावांत होत आल्या आहेत. परदेशी बनावटीच्या मोटोक्रॉस गाड्यांचे वर्ग वेगळे असतात आणि भारतीय बनावटीच्या गाड्यांचे वेगळे, त्यामुळे शोरूममधून आणलेली हीरोची एक्सपल्स मोटरसायकल घेऊनही पोराला नवशिक्यांत उतरता येतं. लायसन्स देशाच्या मोटरस्पोर्ट फेडरेशनकडून मिळतं. अडतं ते एवढ्यावरच की इंदूरच्या पोरानं उडी शिकायची कुठे? पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक आहे, पण त्याचा आम्हाला उपयोग शून्य. जानेवारी २०२४ मध्ये भाच्याला घेऊन पुण्याला बालेवाडीत सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी पाहिली, आणि परतीच्या प्रवासात त्यानं माझं डोकं खाल्लं. त्यातून हा सराव-ट्रॅक उभा राहिला. कुणी असंच काही करणार असेल तर आमचे पैसे कुठे गेले ते वाचून घ्या.

१९ ऑक्टोबर, शनिवार

सोयाबीन निघालं. राऊच्या पुढे, महूकडे जाताना काकांची जमीन आहे. खालचा तुकडा काळा, वरचा बरड. काका म्हणाले, "खालची मला गव्हाला लागते. वरची घ्या. पण धूळ विहिरीकडे आली तर मी ट्रॅक्टर फिरवीन त्यावरून, मग बोलू नका." ठीक.

फक्कीनं आखणी केली. फेरी ६१० मीटर, रुंदी ५ मीटर, एक टेबलटॉप (म्हणजे चढ, सपाट माथा आणि उतरण असलेला उडीचा ढिगारा), एक छोटी उडी, चार वळणं. पोरांना डबल हवा होता, म्हणजे दोन ढिगारे आणि मध्ये खड्डा. नको म्हटलं. टेबलटॉपवर उडी कमी पडली तर निदान खाली माती असते. डबलमध्ये कमी पडलात तर पुढच्या ढिगाऱ्याच्या तोंडावर गाडी आदळते.

आखणी झाल्यावर काका येऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, "तू संध्याकाळी पाचला इथे मावळतीकडे तोंड करून उभा राहा, आणि मग मार उडी." पोरं कॉलेज सुटल्यावर पाचलाच येणार. सूर्य थेट हेल्मेटात. सगळी फेरी उलटी फिरवली. खर्च: अर्धं पोतं फक्की. या कामातली ही एकच चूक आम्ही फुकटात सुधारली.

२६ ऑक्टोबर, शनिवार

जेसीबी ८ ला येणार होता, ११ ला आला. दीड वाजता हायड्रॉलिकचा पाइप फुटला, तो आणायला पोरगं राऊला गेलं. प्रत्यक्ष काम साडेसात तास, तासाला १,२०० प्रमाणे ९,००० रुपये. रात्री साडेनऊपर्यंत हेडलाइटवर काम चाललं.

जेसीबीवाला हुशार, पण त्यानं आयुष्यभर तळी आणि बांध केलेले. मी हातानं चढ दाखवतोय, तो दर वेळी डोकं खाजवतो. "भिया, ये बांध हे के ढलान?" दोन्ही नाही, हे त्याला मोबाइलवर व्हिडिओ दाखवल्यावर पटलं. मग त्यानं जीव ओतून काम केलं, जरा जास्तच. चढ उभा करून ठेवला. तेव्हा आम्हाला तो झकास वाटला.

टेबलटॉपसाठी माती खालच्या बांधाजवळून घेतली, म्हणजे काळी. जवळ होती, फुकट होती. एकाच दमात पाच फूट ढीग घातला आणि बकेटनं वरून थापटला. पुढच्या सगळ्या दुखण्याचं मूळ हेच.

६ नोव्हेंबर, बुधवार

दिवाळीत कुणी फिरकलं नाही. आज गेलो तर टेबलटॉप उभा चिरलेला. भेगा इतक्या की चार बोटं आत जातात. काळी माती वाळली की आकसते, हे माळव्यात जन्मलेल्याला सांगायला लागू नये. पण आम्ही ढीग घालताना ती ओली आणि गोड होती, म्हणून विसरलो. भेगेत वाकून बघताना खिशातला दहा नंबरचा पाना आत पडला. अजून तिथेच आहे.

कडेची बाजू हातानं ढकलली तर टोपलीभर ढेकूळ निसटलं. यावर दीडशे किलोची गाडी घालणं म्हणजे पोराला पैसे देऊन पाडणं.

९ नोव्हेंबर, शनिवार

चार डंपर मुरूम, प्रत्येकी ३,२००, एकूण १२,८००. पोरांनी वर्गणीचा हिशेब मागितला, दिला. सुरुवातीचा अंदाज सगळा मिळून १८,००० चा होता. तो आजच ओलांडला.

आतला काळा गाभा तसाच ठेवला. भेगा फोडून, पाणी मारून तो बसवला आणि वरून एक फूट थर चढवला: दोन भाग मुरूम, एक भाग काळी. नुसता मुरूम टाकला तर चाकाखाली सुटा होतो, नुसती काळी टाकली तर काय होतं ते वर लिहिलंच आहे. थर सहा इंचांचे दोन. प्रत्येक थरावर पाणी, मग सपाट भागावर ट्रॅक्टरची चाकं पुढे-मागे आणि चढावर हातानं धुम्मस. धुम्मस मारताना चार पोरांचे हात पहिल्या तासात गेले. यांना जिमची फी कशाला लागते कळत नाही.

ओल किती असावी, हे काकूंनी ठरवलं. मूठभर माती वळायची. तळहात ओला होत असेल तर पाणी जास्त. वळलेला गोळा कमरेइतक्या उंचीवरून सोडायचा. दोन-तीन तुकडे झाले तर बरोबर, भुगा झाला तर कोरडी. "बेसनाचा लाडू बसतो ना तसं," काकू म्हणाल्या. नंतर मी कुणालाही दुसरी व्याख्या सांगितलेली नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

दगड वेचले. मुरमात मुठीएवढे दगड होते, आणि मागचं चाक ते मागच्या गाडीवाल्याच्या छातीवर गोळीसारखे फेकतं. चार जण, चार तास, एक ट्रॉली. उरलेले पहिल्या महिन्यात आपोआप वर येतात, तेव्हा दर रविवारी पुन्हा वेचणी आहेच.

जुने टायर वळणांच्या कडेला लावायचे होते. स्वच्छतेत देशात पहिला नंबर काढणाऱ्या गावात रस्त्याकडेला टायर सापडत नाही, हे कळायला एक अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी तीन पंक्चरवाल्यांकडून ६० टायर जमवले. फुकट मिळाले, टेम्पोचे ५०० गेले.

१७ नोव्हेंबर, रविवार

पहिला दिवस. हेडलाइट, इंडिकेटर, आरसे, साइड स्टँड सगळं काढून गाडी तयार. पोहे-जिलबी झाली, नारळ फुटला. भाचा पहिला.

तीन फेऱ्या नुसत्या वरून चालवल्या. चौथ्या फेरीला उडाला. आवाज असा आला की काकू ओट्यावरून धावत आल्या. टेबलटॉपचा सपाट माथा ३० फूट लांब. भाचा २२ फुटांवर, सपाटीवरच आदळला. फोर्क, म्हणजे पुढचं सस्पेन्शन, पार तळाला. तो टिकला. त्यानंतरचा मित्र मात्र चढावर घाबरला, वर पोचता पोचता गॅस (अ‍ॅक्सिलरेटर) सोडला, गाडीनं नाक खाली घातलं आणि तो हँडलवरून पुढे गेला. मनगट मुरगळलं, हाड शाबूत. हँडल वाकलं, क्लच लिव्हर तुटली, फोर्कचं सील गेलं. २,९०० रुपये आणि त्याच्या आईचा फोन. फोन मी घेतला.

संध्याकाळी व्हिडिओ घेऊन बसलो. उडीच्या अलीकडे १० मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोकलेल्या होत्या. सेकंदाला ३० चित्रांचा व्हिडिओ. एका खुंटीपासून दुसरीपर्यंत ३६ चित्रं मोजली. म्हणजे १.२ सेकंद, ताशी ३० किलोमीटर. एवढ्या वेगात त्या चढावरून साधारण २२ फूटच जाणार, आणि लिपच्या, म्हणजे चढाच्या वरच्या टोकाच्या, वर चार फूट उंच जाऊन सपाटीवर आपटणार. एक्सपल्स २०० च्या पुढच्या सस्पेन्शनला १९० मिलिमीटरची हालचाल आहे. ती तरी किती सोसेल!

चढ मोजला: उंची ५ फूट, पायाशी लांबी ७ फूट. ३५ अंश. पोरं वेग का धरत नव्हती हे तेव्हा कळलं. समोर भिंत दिसली की हात आपोआप गॅस सोडतो. तुम्ही कितीही ओरडा "गॅस धर, गॅस धर", भिंतीपुढे कुणी धरत नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार

जेसीबी पुन्हा, साडेतीन तास, ४,२००. तोच माणूस. टेबलटॉप पाहून म्हणाला, "मेने तो उसी दिन बोला था भिया, खड़ा हे." बोलला नव्हता. पण वाद घातला नाही, मीटर चालू होता.

नवं माप: उंची ४ फूट. चढ ११ फुटांत, म्हणजे २० अंश. माथा ३० वरून २० फूट. उतरण १४ फुटांत. लिपपाशी माती वर वळली होती, ती छाटून शेवटचे चार-पाच फूट पट्टी लावल्यासारखे सरळ केले. वळलेली लिप मागच्या चाकाला वर झटका देते. मुरमाचा थर जिथे गेला तिथे पुन्हा घातला, पुन्हा धुम्मस.

उतरणीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला, आणि पोरांना तो वाया वाटला. त्यांना उडायचं असतं, म्हणून ते चढाकडे बघतात. पण गाडी हवेतून ज्या तिरक्या रेषेत खाली येते, जमीन त्याच रेषेत असली तर ती घसरून पुढे जाते. आडवी असली तर सगळा मार मणक्याला. पाण्याची नळी लावून लेव्हल घेतली, दोरी ताणली, फावड्यानं तासून काढली. पुन्हा करायचं झालं तर आधी उतरण बांधीन आणि मग तिच्या मापानं चढ.

२४ नोव्हेंबर, रविवार

३० चित्रं. म्हणजे ताशी ३६. माथा पार करून मागचं चाक उतरणीच्या तोंडाशी. आवाजच नाही, नुसतं "फस्स". भाचा परत येऊन हेल्मेट न काढता म्हणाला, "मामा, काहीच झालं नाही." गेला महिनाभर मी याच वाक्याची वाट पाहत होतो.

मनगटवाला पट्टी बांधून बघायला आला होता. त्याला गाडी दिली नाही, तो रुसला.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

गेट. शर्यतीत सगळे एका रांगेत उभे राहतात आणि समोरचा आडवा दांडा पडला की सुटतात. एका वेल्डरकडून चार जणांचं करून घेतलं: प्रत्येकाला एक मीटर, दीड इंची पाइप, उंची दीड-दोन फूट, बिजागरी जमिनीवरच्या चौकटीत, खिटी ओढायला स्कूटरची ब्रेक केबल. ६,४००.

मी ते पुढे पडेल असं करवलं, गाडीपासून लांब. दार जसं बाहेर ढकलतो तसं. तीन स्टार्टांत पोरांनी त्याची वाट लावली: पुढचं चाक गेटला टेकवून क्लच अर्धवट सोडून ठेवायचे, म्हणजे खिटी सुटली की गेट त्यांच्याच जोरानं आडवं. वर त्या दाबामुळे खिटी अडकायची, केबल ओढणारा लटकून राहायचा आणि मग सगळे एकदम धडपडायचे.

मोठ्या स्पर्धांचे व्हिडिओ परत नीट पाहिले. तिथे गेट गाडीवाल्याच्या दिशेनं, मागे पडतं. घाई करून चाक पुढे काढलंत तर तेच गेटवर चढतं, गेट पडतच नाही, आणि बाकीचे निघून जातात. कसला पंच लागत नाही. हे व्हिडिओ मी शंभर वेळा पाहिले असतील, पण गेट कुठे पडतं हे एकदाही पाहिलं नव्हतं, डोळे गाड्यांवर.

उलटं करून घ्यायला ९०० रुपये. मागे ओढायला ट्रकच्या ट्यूबच्या पट्ट्या. पहिल्या पाडीत गेट खाली आपटून पुन्हा उसळलं आणि चाकाला लागलं. खाली वाळूची अर्धी भरलेली पोती ठेवली, उसळणं बंद.

१ डिसेंबर, रविवार

धूळ. ५,००० लिटरचा टँकर, ६०० रुपये, दुपारी फवारला. अर्ध्या तासात वर चिखलाची साय आणि खाली कोरडी धूळ. पहिल्याच वळणावर दोघे पडले. गेल्या दोन आठवड्यांत असे चार टँकर ओतले, सगळे वाया: २,४००.

पाणी आदल्या संध्याकाळी, आणि माती फोडून द्यायला हवं. कल्टिव्हेटरनं चार इंच उकरायचं, भिजवायचं, रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी पाटा फिरवायचा. उडीच्या चढावर मात्र उकरायचं नाही. तिथे झारीनं शिंपडायचं.

एवढं पाणी टँकरनं परवडत नाही, बोअर लागते. काकांकडे गेलो. काकांनी १० नोव्हेंबरला गहू पेरलाय. एकविसाव्या दिवशी पहिलं पाणी, म्हणजे आज. "मुळं धरायची वेळ आहे त्याची. आधी गहू, मग तुमचं मोटर-सर्कस." वीजही रात्रीची आणि ठरावीक तास. आठवडा गेला. बरोबरच होतं त्यांचं. शेतावर राहून शेताशी भांडता येत नाही.

८ डिसेंबर, रविवार

काकांचं पाणी झालं, आम्हाला शनिवारी रात्री तीन तास बोअर मिळाली. ट्रॅक सकाळी गडद तपकिरी, चाकाचा ठसा वडीसारखा उमटतो. पहिला चांगला दिवस.

वळणांना बाहेरून दीड फूट बर्म, म्हणजे मातीचे कठडे, चढले, निम्मे फावड्यानं, निम्मे गाड्यांनी स्वतःच. व्हूप्सही, म्हणजे ओळीनं छोटे उंचवटे, सहा केले होते. अंतर चुकलं, गाडी घोड्यासारखी उधळते. तीन पाडले, तीन ठेवले. त्यांचं पुढे बघू.

१५ डिसेंबर, रविवार

आज थोडक्यात वाचलो. भाचा टेबलटॉपच्या उतरणीखाली घसरून पडला, गाडी अंगावर. चढाच्या अलीकडून येणाऱ्याला पलीकडचं काहीच दिसत नाही. मागून येणाऱ्यानं उडी घेतली असती तर. माझं ओरडणं इंजिनच्या आवाजात कुणाला ऐकू जातंय? मागच्याचा गॅस नशिबानं आधीच्या वळणात सुटला होता, म्हणून तो वरून नुसता चालवत आला.

काम तिथेच थांबवलं. काकूंच्या जुन्या हळदी लुगड्याचे दोन झेंडे फाडले. टेबलटॉपच्या माथ्याशी बाजूला एक माणूस, हातात पिवळा झेंडा, तोंड येणाऱ्यांकडे, पण पाहणी उतरणीची. झेंडा दिसला की उडी नाही, ओव्हरटेक नाही. झेंडेवाला नसेल तर गाडी सुरू करायची नाही. चौघेच असतील तर तिघे चालवतील. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. खर्च काही नव्हता, सुचलं नाही एवढंच.

२२ डिसेंबर, रविवार

गेटवरून खरी शर्यत खेळलो. १० मिनिटं आणि वर एक फेरी, अर्धा तास विश्रांती, पुन्हा तेवढंच. सातव्या मिनिटाला सगळ्यांचे पुढचे हात दगड. ब्रेकवर बोट मिटेना. जागतिक मोटोक्रॉसमध्ये ३० मिनिटं आणि दोन फेऱ्या असतात, तेही दोनदा. भाच्याच्या खोलीत पुण्याचा सुपरक्रॉस रायडर ऋग्वेद बारगुजेचा फोटो लावलेला आहे. आज त्यानं घरी जाऊन तो बराच वेळ बघितला असं बहीण सांगते.

हिशेब मिटवला. जेसीबी दोनदा मिळून १३,२००, मुरूम १२,८००, गेट ७,३००, काकांच्या ट्रॅक्टरचं डिझेल २,६००, टँकर पाच, ३,०००, गाडीची दुरुस्ती २,९००, टेम्पो ५००. एकूण ४२,३००. यातला दुसरा जेसीबी, चार टँकर, गेटचे ९०० आणि दुरुस्ती हे सरळ आमच्या चुकांचं, १०,४००. काळ्या मातीच्या ढिगावर घातलेले जेसीबीचे तास मी यात धरलेले नाहीत, धरले की झोप येत नाही.

२८ डिसेंबर, शनिवार

काल रात्री मावठा झाला. सकाळी गेलो. मुरमाचा थर जागेवर, चढ आणि उतरण शाबूत. पण टेबलटॉपची उजवी बाजू, जिथे थर पातळ पडला होता, तिथून पाणी गाभ्यात शिरलं आणि काळी माती हातभर खाली बसली. भाच्यानं हट्टानं गाडी खालच्या सरळ भागात घातली. वीस फुटांत मडगार्ड आणि टायरच्या मध्ये चिखल एवढा दाबून बसला की चाक फिरेना. पाराईनं खरवडून काढला, एक तास.

काका बांधावर उभे, मफलर गुंडाळून, गव्हाकडे बघत. भलतेच खूश. "एक पाणी वाचलं," म्हणाले, "त्या रात्रीची बोअर घ्या तुम्ही."

उजव्या बाजूला दोन ट्रॉली मुरूम आणि तिच्या वरच्या अंगाला एक फूट खोल चर, हे काम पुढच्या शनिवारी. वाफसा आल्याशिवाय गाडी घालायची नाही, हे भाच्याला लिहून दिलंय.